दौत, बोरू आणि रुमाल

सिल्वासाच्या परिसरातील खडोली हे गाव आता कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. या गावाचे नाव बाहेरच्या जगात फिरते ते प्रामुख्याने कागदांवरून : मालासोबत जाणाऱ्या चलनांवरून, बिलांवरून आणि खोक्यांवर चिकटवलेल्या पत्त्यांच्या पट्ट्यांवरून. कागदाने गावाचे भवितव्य ठरावे, ही गोष्ट मात्र खडोलीला नवी नाही. दादरा आणि नगर हवेली मिळून जी बहात्तर गावे मोजली जातात, त्यांत खडोलीही आहे, आणि ही गावे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेली ती लेखी व्यवहाराने. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेऊन उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला होता. चाळीस वर्षांनी चित्र पालटले. इंग्रजांशी युद्ध चालू असताना पुणे दरबाराला पोर्तुगीजांचे सख्य हवेसे वाटू लागले, आणि १७७९ च्या तहात दमण प्रांतातील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांना लावून देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या.

या सनदांची खरी परीक्षा झाली ती जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, आणि तीही हेग येथे. १९५४ च्या जुलैअखेरीस दादरा व नरोली आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात संगीतकार सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर यांच्यासारखी मंडळी होती, तसेच मोडी कागदपत्रांत आयुष्य घालवणारे बाबासाहेब पुरंदरेही होते. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला : आपल्या मुलखात जाण्या-येण्याचा मार्ग भारताने अडवला, हा त्याचा आशय. वाद मार्गाचा असला तरी तो मिटवण्यासाठी आधी एक जुना प्रश्न सोडवावा लागला. पेशव्यांनी ही गावे पोर्तुगीजांना नेमकी कोणत्या हक्काने दिली होती ?

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह ग्राह्य धरला. मात्र तहाच्या ज्या निरनिराळ्या संहिता पुढे आल्या, त्यांतील भाषेवरून सार्वभौमत्व देण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असे म्हटले. दोन्ही सनदांतील शब्दयोजना तर त्याहून स्पष्ट ठरली. पोर्तुगीजांना मिळाले होते ते जहागीर किंवा सरंजाम या जातीचे महसुली उत्पन्न. असे दान म्हणजे राज्याचे दान, असा अर्थ कधी लावला गेल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आणले गेले नाही. पुढे इंग्रजी अमलात परिस्थिती बदलली आणि पोर्तुगीजांची सत्ता व्यवहारात मान्य होत गेली, हेही न्यायालयाने नमूद केले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सशस्त्र दलांना व शस्त्रास्त्रांना नव्हता, आणि भारताने आपल्या बंधनाचा भंग केलेला नाही, असा अंतिम निर्णय झाला.

इनाम, वतन, मोकासा, सरंजाम, जहागीर हे शब्द पुण्याच्या फडात बसणारा कारकून एकमेकांच्या जागी वापरत नसे. प्रत्येकाचा हक्क वेगळा आणि जमाखर्चातील जागा वेगळी. गुडघ्यावर कागद ठेवून लिहिणाऱ्या त्या माणसाच्या काटेकोरपणाला जगाच्या न्यायपीठापुढे इतके मोल येईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार. मराठीत त्याच्या वाट्याला आले ते ‘बोरूबहाद्दर’ आणि ‘खर्डेघाशी’ हे शब्द. त्याने लिहिलेले कागद पुढे संशोधकांनी डोक्यावर घेतले. तो ज्या साधनांनी लिहीत होता, त्यांची वाट मात्र मोडीच्या दुकानाकडे गेली.

ही साधने होती तरी कोणती ? बोरू, दौत, शाई, चाकू, वाळू, कागद, लाख, शिक्के आणि शेवटी हे सर्व लेखन बांधून ठेवण्याचे कापड. यांतील पहिल्या काही वस्तू एकत्र ठेवण्याची सोय म्हणजे कलमदान. कधी ती लाकडी पेटी असे, कधी पितळेची लांबट नळी. नळीच्या एका टोकाला दौत जडवलेली असे. अशी नळी कमरेला खोचून कारकून स्वारीबरोबर निघे. राज्य घोड्यावर होते तेव्हा दप्तरही घोड्यावर होते, आणि छावणीत उतरल्यावर तंबूत जाजम पडले की कचेरी उभी राही.

बोरू हे एका जातीच्या वेताचे, पोकळ कांडे. तो नुसता तोडून चालत नसे. टोक तिरपे छाटावे लागे, आणि लिहून लिहून ते बोथट झाले की चाकूने पुन्हा तासावे लागे. काप किती तिरपा आणि टोक किती रुंद, यावर अक्षराचे वळण ठरे. मोडीत आधी आडवी रेघ पानभर ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरे सोडत जायची, हात शक्यतो न उचलता. बोरूच्या तिरप्या टोकामुळे एका दिशेने जाणारी रेषा जाड आणि दुसऱ्या दिशेने जाणारी बारीक उमटते. पेशवेकालीन मोडीचे जे देखणेपण वाखाणले जाते, त्याचा निम्मा वाटा या कापाला द्यायला हवा.

दौतीत शाई मोकळी ठेवीत नसत. आत कापसाचा किंवा चिंधीचा बोळा असे. तो शाई शोषून धरी, म्हणून दौत कलंडली तरी कागद बचावत आणि बोरूच्या टोकाला शाई बेताने लागे. प्रवासात कामाची असलेली ही युक्ती आज एखादी दौत हाती आली तर दिसत नाही, कारण विकणाऱ्याने ती चिंचेने घासून लखलखीत केलेली असते आणि आतला वाळलेला काळा बोळा प्रथम फेकून दिलेला असतो. संग्राहकालाही बहुधा चकचकीत पितळच हवे असते.

शाईचा मुख्य घटक काजळ. दिव्याची काजळी धरायची, तीत बाभळीचा डिंक आणि पाणी घालून ती दीर्घकाळ खलायची. अशी शाई काळाने फिकी होत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचे पत्र कालच्यासारखे काळेभोर दिसते ते यामुळे. तिचा शत्रू पाणी. छप्पर गळले की ओळीच्या ओळी वाहून जातात. दुसरी शाई हिरडा आणि हिराकस यांच्या संयोगाची. ती कागदात मुरते, पाण्याला दाद देत नाही, पण कालांतराने तपकिरी पडते आणि तिच्यातील आम्ल कागद खाऊ लागते. अशा शाईने लिहिलेल्या पानावर अक्षरांच्या जागी चक्क भोके पडलेली आढळतात. लिहिणे संपले की ओल्या ओळींवर बारीक वाळू भुरभुरवायची आणि कागद तिरपा करून ती परत डबीत ओतायची, ही टिपकागद येण्याआधीची रीत होती.

कागद जुन्नरचा, दौलताबादचा, किंवा अहमदाबादसारख्या दूरच्या पेठेचा असे. देवगिरी किल्ल्यापासून जवळ असलेल्या कागजीपुऱ्याची परंपरा मुहम्मद तुघलकाच्या काळापर्यंत नेली जाते. चिंध्या, गोणपाट, जुने दोर कुटून लगदा करायचा, चाळणीने पाण्यातून पान उचलायचे, वाळल्यावर खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून पृष्ठ चकचकीत करायचे. घोटाई नीट झाली नाही तर बोरू अडखळतो आणि शाई पसरते. मजकूर लांबला की एका पट्टीखाली दुसरी पट्टी चिकटवून कागद वाढवीत. ही जोडणीची जागा नाजूक. मधला तुकडा काढून दुसरा बसवण्याची लबाडी तेथेच होऊ शकते. म्हणून सांध्यांवर पाठीमागून शिक्का उठवण्याची पद्धत पडली. शिक्का अर्धा वरच्या कागदावर, अर्धा खालच्या.

एक सनद निघायची म्हणजे आधी खर्डा, मग त्यावर दुरुस्ती, मग स्वच्छ प्रत. तिच्यावर मुख्य शिक्का, अखेरीस मोर्तब, आणि कागद नोंदवून रवाना झाल्याची ‘सुरुसूद’, ‘बार’ यांसारखी निशाणी. नक्कल दप्तरी राही. शेवटी विषयवार कागद एकत्र करून चौकोनी कापडात बांधले जात, हाच रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांची मोजदाद आजही रुमालांनीच होते. या व्यवहाराने मराठीला दिलेले शब्द इतके रुळले आहेत की त्यांचे मूळ कोणाला आठवत नाही. एखादी योजना बासनात जाते, निर्णयावर शिक्कामोर्तब होते, ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळात चिटणीस असतो, आणि पहिलीतले मूल पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जाते.

शिवाजी महाराजांच्या काळात या शब्दांकडे राज्यकारभाराचा विषय म्हणून पाहिले गेले होते. रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, आणि त्याच्या दहा वर्गांत लेखनवर्ग हा एक स्वतंत्र वर्ग आहे. दुर्ग आणि शस्त्रे यांच्या पंक्तीला लेखनसामग्री बसवणारी ही दृष्टी पुढील काळात फारशी कोणी चालवली नाही.

१८१८ नंतर पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. त्यांना त्याचा उपयोग महसुलासाठी होता. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, गावोगावच्या इनामदारांना आपले हक्क कागदाने सिद्ध करावे लागले, आणि सनद खरी की बनावट, हा प्रश्न हजारो कुटुंबांच्या पोटापाण्याचा झाला. ठिकठिकाणची दप्तरे पुण्यात जमा झाली आणि १८९१ च्या सुमारास त्यांच्यासाठी दगडी इमारत उभी राहिली. कागद नव्या क्रमाने लावले गेले. ते ज्या पेट्यांतून आणि कापडांतून आले, ती वेष्टने सरकारी दृष्टीने निरुपयोगी होती.

त्यानंतरची संग्रहकथा अभिमानास्पद आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत मजल गेली. माळ्यावर, अडगळीत, वाण्याच्या पुड्यांसाठी विकायला निघालेले कागद त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० पासूनच्या अवघ्या काही वर्षांत रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. या पिढीचे ऋण फिटणारे नाही. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘साधने’ हा शब्द त्यांनी मजकुरासाठी वापरला. त्या मजकुराची साधने त्यांच्या साधनांत आली नाहीत. कागद उतरवून घेतला, छापला, की काम झाले. ज्या घरातून पत्रांचा गठ्ठा निघाला, त्याच घरातील कलमदान कोनाड्यातच राहिले.

ते काही घरांत टिकले तर एका वेगळ्याच कारणाने. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या चोपड्यांबरोबर दौत आणि लेखणी पूजेला मांडण्याची चाल व्यापारी घरांत आहे. पूजेपुरती का होईना, दौत वर्षातून एकदा धुतली-पुसली जाई, आणि देवघरातील वस्तू विकायची नसते, या संकोचामुळे ती वाचे.

ओळीने वस्तू जमवणारा माणूस यानंतर आला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा मूळ व्यवसाय चष्म्यांचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. अडकित्ते, दिवे, कुलपे, फण्या, स्वयंपाकाची भांडी आणि दौती, अशा ज्या वस्तूंना त्या काळी कोणी संग्रहालयाच्या दारात उभे केले नसते, त्या त्यांनी गावोगाव हिंडून, पदरमोड करून मिळवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी त्या संग्रहाला ‘राजा’ हे नाव दिले, आणि १९७५ मध्ये वीस हजारांच्या घरातील तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या त्या वाड्यात दौतींचे नाना घाट पाहायला मिळतात. सामान्य माणसाच्या हातातील वस्तूलाही इतिहास असतो, ही जाणीव महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय केळकरांइतके दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

या वाटेने जाणाऱ्या छोट्या संग्राहकांची मात्र एक खोड आहे. ते वस्तू जातवारीने जमवतात : दौतीजवळ दौत, शिक्क्याजवळ शिक्का. अशा मांडणीत कारागिराचे कौशल्य उठून दिसते आणि कारकुनाचे काम नाहीसे होते. एका कलमदानात दौत, दोन झिजलेले बोरू, चाकू, वाळूची डबी आणि लाखेचा तुकडा सापडला, तर तो संच एका माणसाच्या दिवसाचा पुरावा असतो. बोरू किती आखूड होईपर्यंत वापरला, चाकूला धार कोणत्या बाजूने होती, म्हणजे तो उजवा होता की डावरा, दौतीतील शाई काजळाची की हिराकसाची, हे सगळे त्यातून कळते. संच फुटला, दौत दिवाणखान्यात आणि बाकीचे केरात गेले, की उरते ती शोभेची वस्तू. बाजारभाव दौतीला असतो, ज्ञान संचात असते, आणि दोहोंची सांगड क्वचितच पडते.

हे ज्ञान केवळ हौसेचे नव्हे. कागदाचा खरेखोटेपणा ठरवताना मजकुराइतकीच सामग्री बोलते. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबे घाऊक निघू लागली ती १८२० नंतरच्या काळात. मराठीत त्यांचा टाक झाला. टाकावर दाब पडला की त्याची दोन पाती फाकतात आणि कागदावर दोन समांतर बारीक चरे उठतात. बोरूने तसे होत नाही. तेव्हा अठराव्या शतकातील म्हणवणाऱ्या सनदेवर भिंगातून असे चरे दिसले, तर ती सनद किंवा निदान ती प्रत त्या काळातील नव्हे, हे सांगायला मजकूर वाचावाही लागत नाही. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये पहिला ॲनिलिन रंग शोधला. त्या जातीची जांभळी शाई त्यापूर्वीच्या कागदावर असणे अशक्य. लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. या खुणा ओळखायच्या तर तुलनेसाठी खऱ्या बोरूचे, खऱ्या टाकाचे आणि मूळ शाईचे नमुने हाताशी हवेत. मोडीचे वाचक घडवण्यासाठी वर्ग भरतात, हे चांगलेच आहे; पण बोरू तासणारा माणूस शेजारी नसेल तर ते शिक्षण अर्धेच राहते.

टाकाने बोरू हटवला, तसा मुद्रणाने आणि सरकारी धोरणाने मोडीचा पाय मागे घेतला. १९१७ पासून मुंबई इलाख्याच्या सरकारी कामात बाळबोध लिपीला प्राधान्य मिळाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. कचेरीतील सामग्री आता विलायतेहून येई : निबांच्या पेट्या, टिपकागद, लाल फीत. टाचण्या तेवढ्या अनेक ठिकाणी गावरानच राहिल्या. बाभळीचा काटा टोचून कागद एकत्र ठेवणाऱ्या कचेऱ्या होत्या. या विलायती मालाला मराठी माणसाने दिलेले उत्तर म्हणजे दांडेकर बंधूंचा उद्योग. दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. वडी पाण्यात विरघळवली की शाई तयार. बाटलीचे वजन वाहायला नको आणि गावच्या शाळेलाही ती परवडे. पुढे ‘कॅमल’ची शाई आणि कॅमलिन हे नाव घरोघरी पोचले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. ‘हॉर्स ब्रँड’च्या वड्यांचे मूळ वेष्टन आज कोणाच्या फडताळात असेल, तर कागजीपुऱ्याच्या कागदाइतक्याच काळजीने ते जपले पाहिजे. नुकत्याच गेलेल्या वस्तू सर्वांत लवकर नाहीशा होतात, कारण त्या जुन्या झाल्या आहेत हे कोणाच्या लक्षात आलेले नसते. गोदरेजने १९५५ मध्ये पहिले भारतीय टंकलेखनयंत्र बनवले आणि २००९ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले. त्या यंत्राच्या फितीची पत्र्याची डबी आज एखाद्या वृद्ध टंकलेखकाच्या घरी बटणे ठेवायला वापरात असेल.

नगर हवेलीतील लेखनसामग्रीची कथाही अशीच अर्धवट हाती येते. मुक्तीनंतर १९५४ ते १९६१ हा प्रदेश वरिष्ठ पंचायतीच्या कारभाराखाली होता : पोर्तुगालचा राहिला नव्हता आणि भारतात विधिवत सामील झाला नव्हता. अशा प्रदेशात टपाल कोणत्या तिकिटावर जायचे ? उत्तर व्यवहारी निघाले. शिल्लक सापडलेल्या पोर्तुगीज हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे छापली आणि तीच चालवली. एका साम्राज्याच्या लेखनसामग्रीवर दोन शब्दांचा ठसा मारून तिची निष्ठा बदलण्याचे हे उदाहरण तिकीटसंग्राहकांना चांगलेच ठाऊक आहे, आणि ती तिकिटे शोधून जपली जातात. पण तो ठसा कोणत्या यंत्रावर छापला, पोर्तुगीज अमलातील मुद्रांकित कागदाचे, नोंदवह्यांचे, रबरी शिक्क्यांचे आणि शाईच्या गाद्यांचे त्या संक्रमणात काय झाले, याची चौकशी संग्राहक करत नाहीत. तिकीट पाकिटावरून भिजवून सुटे केले जाते आणि पाकीट टाकून दिले जाते. खडोलीसारख्या गावच्या जमिनीच्या नोंदी पोर्तुगीजांच्या वहीतून नव्या वहीत कोणत्या हाताने आणि कोणत्या टाकाने उतरल्या, हे सांगू शकणारी सामग्री हीच होती.

या पर्वाचा शेवटही एका लेखणीपाशी येतो. १९६१ च्या जूनमध्ये वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर भारताच्या वतीने पंतप्रधान नेहरू सही करणार, तर दुसऱ्या बाजूला समान दर्जाचा सही करणारा हवा. म्हणून प्रशासनाची धुरा सांभाळणारे सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान नेमण्यात आले आणि त्यांनी सही केली. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली केंद्रशासित प्रदेश म्हणून भारतात आले. २६ जानेवारी २०२० पासून तो प्रदेश दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशात समाविष्ट झाला आहे, म्हणजे कचेऱ्यांच्या शिक्क्यांवरील नाव पुन्हा एकदा बदलले. जुने शिक्के अशा वेळी नियमानुसार बाद होतात.

शंभर वर्षे चाललेल्या कोणत्याही ग्रंथालयाच्या कपाटांत हा सारा प्रवास थरांनी साचलेला असतो. पहिल्या दाखलनोंदवहीतील नोंदी टाकाने झालेल्या, पुढे झरणीची निळी शाई, मग बॉलपेन. जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठामागे रबरी शिक्क्यांच्या तीन-चार पिढ्या. देवघेवीची कार्डे, तारखेच्या चिठ्ठ्या, वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रत, चक्रमुद्रित परिपत्रके, शिलालेखासारखी जपलेली देणगीदारांची यादी. सूची संगणकावर गेल्यावर कार्डांचे लाकडी कप्पे रिकामे होतात आणि ते विकून जागा मोकळी करण्याची सूचना बैठकीत येते. ग्रंथ ग्रंथालयाची मालमत्ता म्हणून नोंदलेला असतो. त्यावर शिक्का मारणारा रबरी ठसा कोणत्याही यादीत नसतो. ज्या संस्थांनी एखाद्या कपाटाचा एक खण या वस्तूंसाठी राखला आणि त्यात दौत, शिक्का, नोंदवही व शाईची बाटली एकाच वर्षाच्या एकाच टेबलावरची म्हणून एकत्र ठेवली, त्यांनी पुढच्या संशोधकाचे काम पुष्कळ हलके केले आहे. एवढ्यासाठी मोठ्या इमारतीची किंवा अनुदानाची गरज लागत नाही. वस्तू कोणाकडून, कोणत्या कचेरीतून आणि कशाबरोबर आली, ही तीन उत्तरे चिठ्ठीवर लिहून तिला बांधली तरी पुरे. आणि ती घासून चकचकीत करू नये.

दप्तरखान्यात एखादा जुना रुमाल सोडतात, तेव्हा घड्या उलगडताना टेबलावर बारीक वाळूचे कण पडतात. दीड-दोनशे वर्षांपूर्वी ओळी वाळवण्यासाठी कोणीतरी भुरभुरवलेली ती वाळू घडीच्या खाचेत तशीच राहिलेली असते. कागद जतन-दुरुस्तीला जाण्यापूर्वी पाने मऊ ब्रशने झाडतात. कागदाला नवा क्रमांक मिळतो, त्याची प्रतिमा घेतली जाते, आणि टेबलावरची वाळू फडक्याने पुसून कचऱ्याच्या टोपलीत जाते.